सहावी कपबशी

जे लिहायला बसलो आहे ते आजवर मी कुणाला सांगितलेलं नाही. बायकोला नाही, पाळकसाहेबांना नाही. प्रार्थनेतसुद्धा धड शब्दांत कधी उच्चारलं नाही. देवाला माहीतच आहे, मग पुन्हा कशाला, अशी सोयीची समजूत करून घेतली आणि पुढं गेलो. गोष्ट एवढीच आहे की लातूरला असताना मी चर्चमध्ये उभा राहून खोटी साक्ष दिली. आमच्यात उपासनेच्या वेळी कुणी तरी उठतं आणि देवानं आपल्याला काय दाखवलं ते चारचौघांसमोर सांगतं. तिला साक्ष म्हणतात. मी जिथं गेलोच नव्हतो तिथं गेलो होतो, असं सांगितलं. आणि ज्या माणसाच्या शब्दाखातर मी जायला हवं होतं, तो समोर दुसऱ्या बाकावर काळा चष्मा लावून ऐकत होता.

लिहायचं आहे त्या माणसाबद्दल. माझ्याबद्दल कमी लिहावं असं ठरवलं आहे, पण ते जमेलसं वाटत नाही.

त्यांना सगळे नुसतं सर म्हणायचे. क्लासमध्ये आम्ही बाराजण सर होतो, तरी 'सर आले' म्हटलं की कोण आले ते शिपायालाही कळायचं. मूळचे भोकरकडचे. लग्न केलेलं नव्हतं. रसायनशास्त्र शिकवायचे. मी नांदेडचा, वडील रेल्वेत, नुकताच एम.एस्सी. होऊन फिजिक्स शिकवायला लातूरला आलेलो. भूकंपाला पाचेक वर्षं झाली असतील. त्या काळात लातूरचं नाव दोनच गोष्टींसाठी पेपरात यायचं, पडलेली गावं आणि बोर्डात आलेली पोरं. गल्लीगल्लीत क्लास निघत होते. पत्र्याच्या हॉलमध्ये तीनशे-तीनशे पोरं, माईक लावून शिकवायचं, सकाळी साडेपाचला पहिली बॅच. किनवटपासून उदगीरपर्यंतची पोरं खोल्या करून राहायची. आम्हा मास्तरांना जेवायला वेळ नव्हता, मग बाकीच्या गोष्टींचं नावच नको.

सरांच्या खांद्याला कापडी पिशवी असायची आणि तिच्यात गजराचं घड्याळ, चावी द्यायचं, वर दोन वाट्यांचं. मनगटावर घड्याळ बांधायचे नाहीत. बारा वाजले की पिशवी वाजायची. सर फळ्यावर 'सल्फ्यु' एवढं लिहून थांबायचे, खडू तसाच टेकवलेला ठेवून डोळे मिटायचे. एक मिनिट. मग 'रिक' लिहून पुढं. नव्या बॅचची पोरं पहिल्या दिवशी हसायची. आठवड्याभरात पोरंही पेन खाली ठेवून गप बसायला लागायची; काही म्हणे त्या मिनिटात सूत्रं आठवायची. एका पालकानं तक्रार केली की इथं धर्म शिकवतात. संचालकांनी सरांना बोलावलं. संचालक वाईट माणूस नव्हता, घाबरट होता. सर म्हणाले, "मी काय बोललो का? एक मिनिट गप बसलो. गप बसण्याला कोणता धर्म असतो तेवढं सांगा, मी त्यो सोडतो."

चर्चमध्ये त्यांचं वेगळंच चालायचं. त्यांना स्वतःची अशी जागा नव्हती. आमच्या चर्चमध्ये ज्याची त्याची जागा ठरलेली; कुणी लिहून ठेवलेलं नसतं, पण असते. सर तासभर आधी यायचे, मागं उभे राहायचे आणि दुसरं गीत संपेपर्यंत कोण आलं नाही ते बघायचे. मग त्या न आलेल्या माणसाच्या जागी जाऊन बसायचे. सोमवारी त्याच्या घरी. "काल तुमच्या जागी बसलो होतो. पंख्याचं वारं लागत न्हाई तिथं," एवढंच बोलून चहा घेऊन निघायचे. लोक वैतागायचे. कमिटीतले एक वडीलधारे मला म्हणाले होते, "तब्येत बरी नसली तरी यावं लागतं हो. न्हाई तर हा माणूस येऊन बसतो, अन् सगळ्या मंडळीला कळतं कोण आलं न्हाई ते." उपस्थिती मात्र त्यांच्यामुळं वाढली होती, हे पाळकसाहेब खासगीत कबूल करायचे.

माझी जागा खिडकीजवळ, तिसऱ्या बाकावर. सर तिथं किती रविवार बसले असतील ते मला सांगता येणार नाही. रविवारी सकाळी आमच्या टेस्ट असायच्या.

मला भेटले की पहिला प्रश्न, "काय मास्तर, फुरसत हाय का?"

मी म्हणायचो, "अजिबात नाही सर."

"मग बरं. फुरसतवाल्याला मी काम सांगत न्हाई. त्याला फुरसत का हाय तेच आधी विचारावं लागतं."

वेळेच्या बाबतीत त्यांचं एक ठरलेलं म्हणणं होतं आणि ते ऐकून ऐकून आम्हाला पाठ झालं होतं. पाहुण्याला आपण काल उरलेली भाकरी वाढत नाही, मग देवाला उरलेला वेळ कसा काय वाढतो? ते शनिवारी दुपारी शिकवायचे नाहीत. शनिवार दुपार म्हणजे आमच्या धंद्यातली साय. कॉलेजं सुटलेली, पोरं मोकळी, सगळ्यात मोठी उजळणीची बॅच तेव्हाच. संचालकांनी त्यांचा फोटो टाकून बॅनर लावायची तयारी दाखवली, खाली 'रसायनाचे बादशहा'. सर म्हणाले, शनिवारी मी नसतो. कुठं असता? "बसलेला असतो." संचालकांनी माझ्याकडं बघितलं, मी छताकडं.

कुठं बसतात ते मला त्यांनी स्वतः दाखवलं.

औशाच्या पुढं, मोठ्या रस्त्यापासून आत, भूकंपात पडलेलं एक गाव नव्यानं वसवलं होतं. सरळ रेघांत आखलेली स्लॅबची घरं, दारांवर नंबर, मधे रुंद मोकळे रस्ते, सावली कुठंच नाही. त्यातल्या एका घरापुढं एक बाई राहायची. घरात नव्हे, घरापुढं. चार बल्ल्या, वर एक पत्रा, बाजूला पोत्याचा आडोसा. भूकंपाच्या पहाटे उकडतंय म्हणून ती अंगणात झोपली होती, म्हणून राहिली. आत झोपलेली पाचही माणसं दगडांखाली गेली. तेव्हापासून ती छताखाली जात नसे. पत्र्याचं तिला भय नव्हतं, पत्रा पडला तर माणूस मरत नाही म्हणायची. सरकारनं दिलेलं घर तिचंच, आत तिची ज्वारीची कोठी, ट्रंक, देवाची फळी. पण एकटी आत जायची नाही. सगळे तिला मावशी म्हणत.

सर पहिल्यांदा तिथं गेले ते चर्चच्या मदतीच्या गाडीबरोबर, ब्लँकेटं वाटायला. मावशीकडं तोवर वेगवेगळ्या लोकांनी दिलेली अकरा ब्लँकेटं झाली होती. सरांनी विचारलं, काय पाहिजे? ती म्हणाली, आत कुणी तरी बसा. सर आत जाऊन बसले. गाडी हॉर्न वाजवून वाजवून निघून गेली.

मी गेलो त्या शनिवारी काय झालं ते सांगतो, कारण तेवढंच मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेलं आहे. सरांनी कुलूप काढलं, खोलीच्या मधोमध, पंख्याच्या कडीच्या बरोबर खाली, एक तेलाचा रिकामा डबा पालथा घातला आणि त्यावर बसून पेपर तपासायला काढले. ती जागा मावशीनं ठरवून दिलेली होती. छत पडलंच तर पहिलं तिथं पडेल असा तिचा हिशेब असावा. थोड्या वेळानं तिनं उंबऱ्यावर एक पाय ठेवला. वर बघितलं. सरांकडं बघितलं. सर मान वर न करता तपासत होते. ती आत आली. कोठीतली ज्वारी सुपात काढली, ट्रंक पुसली, फळीपुढं दिवा लावला. ख्रिस्ती माणूस घरात बसलेला आहे म्हणून काही वेगळं केलं नाही. मग भिंतीशी आडवी झाली आणि तिला झोप लागली. सर पान उलटताना आवाज होऊ नये म्हणून बोट जिभेला लावत होते.

अर्ध्या तासानं ती उठली, बाहेर गेली, स्टीलच्या तांब्यात पाणी आणून दिलं. एवढंच. पाच वाजता सरांनी कुलूप लावून किल्ली तिच्या हातात दिली.

परतीच्या जीपमध्ये मी विचारलं होतं की यात सेवा कुठली झाली. मी नवा होतो, तोंड चालायचं. सर म्हणाले, "मलाबी कळत न्हाई. मी बसून राहिलो, ती झोपून राहिली. आता यात कोण कोणाची सेवा करायलं ते देवाला विचारून बघ."

मला ते उत्तर तेव्हा टाळाटाळीचं वाटलं. अजूनही कधी कधी वाटतं. या माणसाबद्दल माझा गोंधळ तिथूनच सुरू झाला आणि आज तो मावळलाय असं मी म्हणणार नाही. चर्चमधले काही लोक विचारायचे, इतकी वर्षं जाता, बाईनं बाप्तिस्मा घेतला का? सर म्हणायचे, मी तिला विचारलं नाही, तीही मला विचारत नाही. गावातल्या पोरांनी एकदा जीपपाशी अडवून नेमकं उलटं विचारलं होतं, आमच्या मावशीला बाटवायला येता का? त्यांनाही तेच उत्तर. एका संस्थेच्या समुपदेशक बाई गावात यायच्या. त्यांनी सरांना तोंडावर सांगितलं की तुम्ही तिची भीती पोसताय, तुम्ही यायचं बंद केलं तर ती हळूहळू एकटी आत जाईल. सर म्हणाले, "असंल." आणि पुढच्या शनिवारी गेले.

त्या बाईंचं बरोबर असेल का? मला ठरवता आलेलं नाही. सर संत नव्हते, हे मी खात्रीनं सांगतो. चिडके होते. सख्ख्या भाचीच्या लग्नाला शनिवार आला म्हणून गेले नाहीत. बहीण दोन वर्षं बोलली नाही. पाळकसाहेब आजारी असताना त्यांना भेटायला जायचं राहिलं, ते राहिलंच. एकच गोष्ट धरायचे आणि तिच्यापायी बाकीच्या दहा सोडायचे. हा विश्वास की हट्ट?

मग त्यांचा मोतीबिंदू पिकला. मिरजेला ऑपरेशन ठरलं, तिथं बहीण होती; बोलणं नुकतंच पुन्हा सुरू झालेलं. महिनाभर तिच्याकडंच राहायचं होतं. मला मावशीकडं नेलं होतं ते त्यासाठीच. निघताना तिला म्हणाले, "आता चार शनिवार हे येतील."

मावशीनं मला पायापासून वर बघितलं. "हे बसतेल का?"

"बसतेल."

"तुमाला भ्या न्हाई वाटत नव्हं?" हे मला विचारलं.

मी म्हणालो, नाही मावशी. येतो.

आता जे लिहायचं आहे ते सरळ लिहितो. पहिल्या शनिवारी संचालकांनी उजळणीची बॅच माझ्या गळ्यात मारली, मला नाही म्हणता आलं असतं पण म्हटलं नाही. दुसऱ्या शनिवारी मोठी टेस्ट होती. इथपर्यंत माझ्याकडं कारणं आहेत आणि ती खोटी नाहीत. तिसऱ्या शनिवारी वीज गेली म्हणून बॅच रद्द झाली. साडेबाराला मी मोकळा होतो. स्टँड चालत दहा मिनिटांवर. मी खोलीवर आलो, जेवलो, सतरंजीवर पडलो. वीज आली, पंखा सुरू झाला. मी पंख्याकडं बघत पडून राहिलो, झोपही लागली नाही. उठायचं, एवढंच करायचं होतं. का उठलो नाही ते मी पंचवीस वर्षं स्वतःला विचारतो आहे. कंटाळा म्हणावा तर कंटाळा नव्हता. कुणी तरी आपली वाट बघतंय याचा राग आला होता, असं एखाद्या वेळी वाटतं. चौथ्या शनिवारी गेलो नाही, कारण तीन शनिवार गेलो नव्हतो.

पाचव्या आठवड्यात सर परत आले. रविवारी माझी टेस्ट नव्हती, मी चर्चमध्ये होतो. पाळकसाहेबांनी विचारलं, कुणाला साक्ष द्यायची आहे का? सर उठले. डोळ्यांवर काळा चष्मा. म्हणाले, माझे डोळे देवानं परत दिले, त्याबद्दल त्याचे उपकार. पण त्याहून मोठी गोष्ट, की मी नसताना चार शनिवार एक भाऊ माझ्या जागी बसला, इतक्या कामाच्या गर्दीत वेळ काढला. त्याची साक्ष मला ऐकायचीय.

आणि खाली बसले.

सगळी मंडळी माझ्याकडं वळली. तेव्हा 'मी गेलो नाही' एवढे तीन शब्द पुरले असते. मी उठलो आणि बोलायला लागलो. बोलायची सवय होतीच, रोज तीनशे पोरांपुढं बोलायचो. कुलूप कसं काढलं, डब्यावर कसा बसलो, मावशीनं उंबऱ्यावर पाय कसा ठेवला. एका शनिवारी पाहिलेलं चार शनिवारांत वाटून टाकलं. तेवढ्यानं भागेना म्हणून वर भर घातली. म्हणालो, शेवटच्या शनिवारी मावशीनं मला चहा करून दिला आणि तिच्या डोळ्यांत पाणी होतं. महिला मंडळातून 'आमेन' आला. पाळकसाहेबांनी लगेच त्यावरच प्रार्थना केली, की या तरुणासारखा वेळ आम्हा सर्वांना काढता येवो.

बाहेर आवारात सरांनी मला गाठलं. मला वाटलं, मिठी मारतील. त्यांनी विचारलं, "चहा कशात दिला?"

"कपात."

"कपात."

"बशीपण होती," मी म्हणालो. का म्हणालो देव जाणे.

"बशीपण." त्यांनी चष्मा काढला, शर्टाच्या टोकानं पुसला, पुन्हा लावला. "बरं झालं," म्हणाले, आणि घड्याळाची पिशवी सावरत गेले.

पुढच्या शनिवारी सर मावशीकडं गेले. तिथं त्यांना खरं कळलं असणारच. मी सोमवारची वाट बघत होतो, आरोपी निकालाची बघतो तशी. सोमवारी सर स्टाफरूममध्ये आले ते हातात एक खोकं घेऊन. आत नव्या कपबश्या, पांढऱ्या, काठाला निळी वेल. स्टाफरूममध्ये आम्ही प्लॅस्टिकच्या कपांतून चहा प्यायचो. सर म्हणाले, आता यात प्या. शिपायानं धुऊन मांडल्या. पाच होत्या.

"सर, सेट तर सहाचा असतो," कुणी तरी म्हणालं. "सहावी फुटली का?"

"न्हाई. एक कामाला गेली."

सगळे हसले. सरांच्या असल्या बोलण्याची सवय होती. मीही हसलो. त्या कपांतून मी पुढं साडेतीन वर्षं रोज चहा प्यालो.

ते मला काहीच बोलले नाहीत. वागणंही बदललं नाही. "काय मास्तर, फुरसत हाय का?" तसंच. फक्त मला काम सांगणं बंद केलं. आणि एक नवीन सुरू झालं. मोकळ्या प्रार्थनेच्या वेळी, म्हणजे ज्याला वाटेल त्यानं उभं राहून मोठ्यानं प्रार्थना करायची असते तेव्हा, सर आधी पावसासाठी, पोरांच्या परीक्षांसाठी एकेक वाक्य म्हणायचे. आता शेवटी हे म्हणायला लागले: "आणि बापा, माझ्या जागी बसणाऱ्या भावासाठी." दर रविवारी. मंडळी म्हणायची, आमेन. मला वाटायचं, हा चिमटा आहे, चारचौघांत, मला एकट्यालाच कळेल असा. मग वाटायचं, यांना कळलेलंच नाही. मावशी बोलली नसेल. कधी वाटायचं, कळलंय आणि हे खरोखरच माझ्यासाठी मागतायत. तिन्ही वेळा मी आमेनच म्हणालो. दुसरं काय म्हणणार?

विचारायला हवं होतं. नाही विचारलं. क्लासनं नांदेडला शाखा काढली तेव्हा मी हात वर करून बदली मागून घेतली. सगळ्यांना वाटलं, घरी जायचंय म्हणून.

नांदेडला माझं बरं चाललं. पुढं स्वतःचा क्लास काढला. पोरं आली, बॅनर लागले. चर्चच्या कमिटीत गेलो. आणि इथं सगळ्यात वाईट भाग येतो. तरुण संघाच्या शिबिरांत मला बोलायला बोलवायला लागले. विषय ठरलेला: कामाच्या धावपळीत देवासाठी वेळ कसा काढावा. क्लासवाला माणूस, पहाटेपासून राबतो, तरी कमिटीत आहे, म्हणून मी. आणि मी तिथं मावशीची गोष्ट सांगायचो. डबा, उंबरा, कपबशी. माझी म्हणून. किनवटच्या वसतिगृहातल्या पोरांपुढं सांगितली तेव्हा एक मुलगी रडली होती. उरलेल्या भाकरीचं वाक्यसुद्धा माझंच म्हणून सांगायचो. सांगता सांगता ती खोली मला इतकी नीट दिसायला लागली, की मी गेलो होतो की नव्हतो याचा एखाद्या क्षणी मलाच घोळ व्हायचा. आपण ज्या गोष्टीपासून पळालो तीच आपल्या नावावर खपते, तरी उपासना चालते, लोकांचं भलंही होतं. त्या मुलीनं पुढं नर्सिंग केलं. दर नाताळाला मला फोन करते. तिला मी काय सांगू?

दोन वर्षांपूर्वी सर गेले. निरोप आला तशी गाडी काढून लातूरला गेलो. कबरस्तानात गर्दी होती, बरेचसे जुने विद्यार्थी, आता पोट सुटलेले डॉक्टर. पेटी खाली सोडली, मूठमाती दिली. पेटीवर घड्याळाची पिशवी ठेवली होती. कुणी तरी चावी द्यायला विसरलं असणार, ते बंद होतं. पाळकसाहेब नवे होते. त्यांनी सरांच्या शनिवारांबद्दल दोन वाक्यं बोलून माझ्याकडं हात केला आणि म्हणाले, ही सेवा त्यांच्यासोबत करणारे आपले बंधू आज नांदेडहून आले आहेत.

गर्दी पांगल्यावर एक बाई माझ्याकडं आली. चाळिशीची, डोक्यावर पदर. मावशीची भाची, त्याच गावात दिलेली.

"नांदेडचे फिजिक्सचे सर तुमीच का?"

मी हो म्हणालो.

"मावशीला गुडग्यामुळं येता आलं न्हाई. तिनं सांगून धाडलंय, तुमचा कप तसाच हाय म्हणावं."

मला कळलं नाही. कसला कप, मी विचारलं.

"निळ्या येलाचा. सरांनी आणून ठिवल्याला. तुमी येनार म्हनून." ती मला समजावून सांगायला लागली, शाळेतल्या मुलाला सांगावं तसं. "तवा चार शनिवार ती उंबऱ्यापाशी बसून राहिली हुती. मग सर आले अन् म्हनले, त्यो कामात हाय. यील. त्याला च्या कपातच लागतो, बशीसगट. म्हनून आनून ठिवला. आमी कुनी त्यात च्या पीत न्हाई. पाव्हनं आलं तरी न्हाई. दर साली सर इचारायचे, कप हाय का? ती म्हनायची, हाय."

मी कुठं बघत होतो मला आठवत नाही.

"सर तुमच्यावर कधी रागावले न्हाईत बगा," ती म्हणाली. "मावशी रागावली हुती. सर म्हनायचे, कामात असलेलाच मानूस कामाचा."

मी विचारलं, आता शनिवारी कोण बसतं?

"कुनी न्हाई. माझा मालक चार-दोन खेपा बसला, पर त्याला कामधंदा हाय. कुलूपच हाय. ज्वारी मी काढून देते." मग म्हणाली, "तुमी येता का?"

"येतो," मी म्हणालो. "पुढच्या शनिवारी."

त्याला दोन वर्षं झाली.

मी गेलेलो नाही. दोनदा औशापर्यंत गेलो. एकदा तिथल्या स्टँडवर बसून चहा घेतला आणि परत फिरलो. क्लास आता मुलगा बघतो, मला काम नाही. आयुष्यात पहिल्यांदाच फुरसत आहे आणि सर फुरसतवाल्याला काम सांगत नसत. त्यांनी त्या कपानं माझी लाज झाकली, की माझं खोटं खरं करायला मला जागा ठेवली, की नुसताच त्यांचा एक हट्ट होता, हे मला उलगडलेलं नाही, आणि ते उलगडेपर्यंत थांबायचं असं मी दोन वर्षं स्वतःला सांगत आलो. ते थांबणं म्हणजे पुन्हा ती सतरंजी आणि तो पंखाच आहे, एवढं मला कळतं. मावशी सत्तरीच्या पुढं आहे. घराला कुलूप आहे. ती पत्र्याखाली आहे.

माझ्याकडून जे येणं आहे ते असं: चार शनिवार, दुपारी अडीच ते पाच, पंख्याच्या कडीखाली. आणि एक रविवार, लातूरच्या चर्चमध्ये उभं राहून, मी गेलो नव्हतो एवढं सांगण्यासाठी. यातलं मी अजून काहीही दिलेलं नाही.